जोतिबाच्या डोंगरावर, तांब्याचं वेटोळं घेऊन

चैत्र पौर्णिमेची दुपार आहे. वाडी रत्नागिरीच्या पायऱ्यांवर तुम्ही उभे आहात आणि पायांखालचा दगड दिसत नाही, नुसता गुलाल दिसतो. केसांत गुलाल, भुवयांत गुलाल, शर्टाच्या कॉलरच्या आत गुलाल. समोरून एक सासनकाठी येते आहे. धरणाऱ्यानं ती कमरेच्या पट्ट्यात रोवली आहे, चहूबाजूंनी गडी दोऱ्या ताणून तिला तोलताहेत, वाजंत्र्यांच्या तालावर ती डोलते, झुकते, पडता पडता सावरते. ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं!’ तुमच्याही तोंडून ते आपोआप निघतं. कोल्हापूरच्या माणसाला त्यासाठी फार भाविक असावं लागत नाही.

तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत दवणा आणि खोबऱ्याच्या वाट्या आहेत. त्यांच्याखाली, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं, तांब्याच्या तारेचं एक वेटोळं आहे. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून घेतलेली ३० गेजची इनॅमलची तार, दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या लाकडी चौकटीवर हजार वेढे. सगळं मिळून पाव किलो तांबं. तारेची दोन टोकं शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसल्या गॅल्व्हानोमीटरला जोडलेली आहेत. शून्य मधोमध, दोन्ही बाजूंना बारीक घरं. बॅटरी नाही, सेल नाही. तळाशी जुन्या लाउडस्पीकरचा एक गोल चुंबक आहे, तो पुढं लागेल.

गर्दीतून बाजूला या. दीपमाळांच्या पलीकडं, जिथून पंचगंगेचं खोरं आणि त्यातली उसाची शेतं दिसतात, तिथं जरा मोकळं आहे. वेटोळ्याचं तोंड उत्तरेला करून धरा आणि काट्याकडं पाहा. शून्य. आता मनगटाला एक झटका देऊन वेटोळं उलटं करा, मागची बाजू पुढं. काटा जेमतेम एक घर उडतो आणि परत शून्यावर येतो. पुन्हा उलटं करा, काटा पुन्हा उडेल, या वेळी दुसऱ्या बाजूला.

तुम्ही आत्ता वीज तयार केलीत. चुंबक होता पृथ्वीचा. कोल्हापूरच्या आसपास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला भरतं, म्हणजे अगदीच किरकोळ, कपाटाच्या दाराला लावतात त्या चुंबकाच्या शेकडो पटींनी कमी. वेटोळ्यातून जाणारं ते क्षेत्र तुम्ही सेकंदाच्या दहाव्या भागात उलटवलंत, तर तारेत सुमारे आठ मिलिव्होल्टचा दाब येतो. पृथ्वी अजून तिथंच आहे, तांबं अजून तुमच्या हातात आहे, पण हात थांबला की काटा मेलेला. या एका गोष्टीसाठी आपण आता मागं जाणार आहोत.

देवळाच्या भिंतीपाशी चला. काळा, घट्ट, गुळगुळीत घडवलेला बसाल्ट. त्यावर तळहात टेकवा. उन्हानं तो तापलेला आहे. आणखी तापू द्या.

हात झटकन मागं घ्या. भिंत नाही, देऊळ नाही, डोंगरही नाही. तुम्ही सहा कोटी साठ लाख वर्षं मागं आला आहात आणि हा सगळा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात आहे. पायांखाली लाव्ह्याचा थर आहे. वरची साय काळी पडून धरली आहे, पण भेगांतून लालभडक रंग दिसतो आणि गंधकाचा वास घशात बसतो. दूर कुठंतरी नवा लोट पसरतो आहे. वितळलेला बसाल्ट हजार-अकराशे अंशांवर असतो. तो थिजतो, पण थिजला म्हणजे लगेच चुंबक होत नाही. त्यातले मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण साधारण ५८० अंशांच्या खाली आले की मगच त्यांच्या आतली दिशा ठरते आणि ती त्या क्षणी पृथ्वीचं क्षेत्र जिकडं असेल तिकडं ठरते. मग ती तशीच राहते.

होकायंत्र काढा. उत्तरेचं म्हणून रंगवलेलं टोक दक्षिणेकडं वळलं आहे. यंत्र बिघडलेलं नाही. या काळात पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे आहेत. सह्याद्रीतल्या लाव्ह्याच्या खालच्या थरांत ही उलटी दिशा नोंदली गेली आहे. वरच्या थरांत, म्हणजे भूवैज्ञानिकांनी ज्यांना शेजारच्या पन्हाळ्याचं नाव दिलं त्या थरांतही, दिशा पुन्हा आजच्यासारखी आहे. मधल्या काळात ध्रुव पलटले. १९५०च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या मंडळींनी दख्खनचे दगड नेऊन त्यांच्या आतली दिशा मोजली. त्या दिशेच्या उतारावरून दगड थिजला तेव्हा तो कोणत्या अक्षांशावर होता ते काढता येतं. हा देश दक्षिणेकडून सरकत आला याचा तो एक भक्कम पुरावा ठरला. खंड सरकतात हे तेव्हा बऱ्याच भूवैज्ञानिकांच्या गळी उतरत नव्हतं.

आता वेटोळं लाव्ह्याच्या थंड झालेल्या सायीवर ठेवा आणि हजारो वर्षं वाट पाहा. या प्रवासात तेवढी सवलत आहे. तुमच्या डोळ्यांसमोर पृथ्वीचं क्षेत्र दुबळं होतं, भरकटतं, आडवं होतं आणि शेवटी पुरतं पलटतं. दक्षिण दाखवणारं टोक उत्तर दाखवू लागतं. चुंबकीय उलथापालथ म्हणावी तर याहून मोठी या ग्रहावर होत नाही. वेटोळ्यातून जाणारं सगळं क्षेत्र, जे तुम्ही मघाशी मनगटाच्या झटक्यानं फिरवलंत, तेच पृथ्वीनं फिरवलं आहे, अगदी तेवढंच. काट्याकडं पाहा.

शून्य.

तुम्हाला लागला सेकंदाचा दहावा भाग, पृथ्वीला लागली हजारो वर्षं. एकूण बदल सारखा, पण तो इतक्या संथपणे झाला की तारेत उमटलेला दाब हा काटा हलवायला अब्जावधी पटींनी अपुरा आहे. शाळेत आपण ‘बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होते’ असं पाठ करतो. त्या वाक्यातला ‘बदलणाऱ्या’ हा शब्द सगळे म्हणतात आणि वेगाचं कुणी विचारत नाही. माझ्या मते खरी गोम वेगात आहे.

पुढचा मुक्काम छोटा आहे. साल १७३०. राणोजी शिंदे देऊळ बांधून घेताहेत. छिन्नी-हातोड्याचा आवाज डोंगरभर घुमतो आहे आणि तुम्ही पाथरवटांच्या मधून वाट काढत आहात. एक चिरा घडवून होतो, चौघेजण तो पहारींनी सरकवतात, उलथा करतात, बाजू बघतात, जिथं बसेल तिथं बसवतात. खाणीत त्या दगडाच्या आतली दिशा कोट्यवधी वर्षं एकाच बाजूला होती. आता एक चिरा पूर्वेला तोंड करून बसला आहे, दुसरा डोक्यावर, तिसरा आडवा. देवळाची भिंत म्हणजे वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेल्या शेकडो क्षीण चुंबकांची रास आहे आणि पाथरवटाला त्याची गंधवार्ता नाही, असायचं कारणही नाही. वेटोळं भिंतीला टेकवून ठेवा. काटा ढिम्म. चुंबक आहे, तांबं आहे, आणि मिळकत काही नाही.

१८३१. श्रावण-भाद्रपदाचे दिवस असावेत, कारण डोंगरावर इतकं धुकं आहे की दहा पावलांवरची दीपमाळ दिसत नाही. यात्रा नाही, गर्दी नाही. गाभाऱ्यात तेलाचे दिवे आहेत आणि अंधार पडला की माथ्यावर दुसरा उजेड नाही. याच वर्षी २९ ऑगस्टला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेनं मऊ लोखंडाचं एक कडं घेतलं आहे, सहा इंच व्यासाचं. एका अंगाला तांब्याचे वेढे, दुसऱ्या अंगाला वेगळे वेढे, दोन्हींमध्ये कुठंही जोड नाही. पहिल्या वेढ्यांना बॅटरी जोडताच दुसऱ्या वेढ्यांजवळची सुई थरारते आणि परत जागेवर येते. बॅटरी चालूच आहे, प्रवाह वाहतो आहे, लोखंड चुंबक झालेलं आहे, तरी सुई स्वस्थ. बॅटरी तोडली की पुन्हा एक हिसका, उलट्या बाजूला.

फॅरडेच्या आधी अनेकजण या दारापर्यंत येऊन परत गेले. जिनिव्हाचा कोलाडों यानं १८२५ साली एक लांब वेटोळं केलं, त्यात चुंबक सारला आणि चुंबकाचा सुईवर थेट परिणाम होऊ नये म्हणून मोजायचं यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवलं. चुंबक आत घालून तो दुसऱ्या खोलीत जाईपर्यंत सुई आपलं काम करून परत शून्यावर आलेली असे. काळजी घेण्यात तो कमी पडला नव्हता, उलट जरा जास्तच घेतली. एखादा मदतनीस त्या खोलीत बसवला असता तर आज शाळेत आपण कदाचित त्याचं नाव पाठ करत असतो.

तुमच्याजवळ मदतनीस आहे. धुक्यातून एक गुरवाचं पोरगं येऊन शेजारी उकिडवं बसलं आहे आणि मघापासून काचेतल्या काट्याकडं बघतं आहे. पिशवीच्या तळातला चुंबक काढा आणि वेटोळ्याच्या तोंडाशी झपकन न्या. काटा एका कडेला जाऊन आपटतो. पोरगं दचकतं, मग हसतं.

“आनि एकदा करा.”

तुम्ही करता. मग चुंबक त्याच्या हातात देता. ते तीन-चारदा पुढं-मागं करतं आणि काटा दोन्हीकडं नाचवतं. मग चुंबक वेटोळ्याला चिकटवून ठेवतं आणि काट्याकडं बघत बसतं. बराच वेळ बसतं.

“आता का हालंना? चुंबक तर हितंच हाय की.”

या प्रश्नाला तुम्ही त्याला काय उत्तर देणार? चुंबक जवळ असणं पुरत नाही, तो यायला तरी हवा किंवा जायला तरी. १८३१च्या १७ ऑक्टोबरला फॅरडेही हेच करेल, कागदी नळीवर तार गुंडाळून त्यात चुंबकाचा दांडा ढकलेल आणि ओढेल. त्याच महिन्याच्या अखेरीस तो चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून अखंड वाहणारा प्रवाह मिळवेल, म्हणजे चुंबक जागेवरच आणि ये-जा करण्याऐवजी तांबंच सतत फिरत राहील अशी व्यवस्था. पोराच्या हातात मात्र चुंबक आहे तोवर ते थांबणार नाही. तो त्याच्याकडंच असू द्या.

शुक्रवार, २ सप्टेंबर १८५९. भाद्रपद आहे, खाली गावात घरोघरी गणपती बसलेले आहेत. सकाळचे अकरा वाजत आले आहेत. पावसानं उघडीप दिली आहे आणि तुम्हाला काहीही वेगळं जाणवत नाही. डोंगरावर कुणालाच जाणवत नाही.

इथून वायव्येला सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत, एक माणूस दुर्बिणीला डोळा लावून बसला आहे. टांगलेल्या चुंबकाची हालचाल आरशावरून मोजपट्टीवर पडते आणि तो ती हातानं वहीत उतरवतो. एरवी तासातासानं नोंद करायची असते. आज आकडे इतके भरभर पळताहेत की अधेमधेही वाचावं लागतं आहे. पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग घसरत घसरत नेहमीपेक्षा सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली जातो. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यानं सूर्यावरच्या डागांजवळ पांढरा लखलखाट पाहिला होता. सूर्यानं फेकलेला तो ढग अठरा तासांच्या आत पृथ्वीवर येऊन आदळला आहे. एवढ्या मोठ्या चुंबकीय वादळाची कुलाब्याइतकी पूर्ण नोंद त्या काळच्या फार थोड्या जागी झाली. आज जगभरचे शास्त्रज्ञ ते कागद काढून बसतात.

तुमचं वेटोळं? ते तुमच्या मांडीवर आहे आणि काटा शून्यावर आहे. हिशेब करून पाहा: दीड हजार नॅनोटेस्लांचा बदल तासाभरात पसरला, तर हजार वेढ्यांच्या या चौकटीत व्होल्टचे चार-पाच अब्जांश एवढाच दाब येतो. पण याच दिवसांत अमेरिकेत आणि युरोपात तारघरांमध्ये यंत्रांतून ठिणग्या उडताहेत. बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी आपापल्या बॅटऱ्या सोडवून टाकल्या आहेत आणि दोघं दोनेक तास आकाशातून आलेल्या प्रवाहावर एकमेकांशी बोलताहेत. त्यांच्याकडं वेगळं तांबं किंवा वेगळं आकाश नाही. त्यांचं वेटोळं मोठं आहे. खांबांवरून जाणारी तार आणि परतीची वाट म्हणून वापरलेली जमीन, या दोन्हींचा मिळून मैलोगणती लांबीचा एक वेढा होतो. बदल मंद असला तरी तो एवढ्या पसाऱ्यावर गोळा होतो. तुमच्या चौकटीत एक विताचाही तुकडा नव्हता.

कुलाब्याच्या वेधशाळेची पुढची हकिकत इथंच सांगून टाकतो, कारण ती मला फार आवडते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा प्रवाह रुळांतून आणि जमिनीतून परततो, चढतो, उतरतो आणि त्याच्या भोवतीचं क्षेत्र प्रत्येक गाडीसरशी बदलतं. कुलाब्याच्या नाजूक चुंबकांना पृथ्वीऐवजी ट्रामचं वेळापत्रक कळू लागलं असतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय विभाग समुद्रापलीकडं अलिबागला हलवला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडं एकदम मोजमाप ठेवलं, म्हणजे जुनी आणि नवी मालिका सांधता यावी. १९०७ साली ट्राम धावली. अलिबागची इमारत बांधताना इथला काळा दगड वापरला नाही, पोरबंदरचा आणला, आणि लोखंड कुठं येऊ दिलं नाही. कारण जोतिबाच्या भिंतीपाशी तुम्ही पाहिलंतच: आपला दगड स्वतःच चुंबक आहे.

आता पोफळी. साल १९६२च्या नंतरचं कुठलंही धरा. कोयना धरण ज्या पाटण तालुक्यात आहे तिथं तुम्ही नाही, घाट उतरून कोकणात आहात. फाटकावरचा शिपाई पिशवी ठेवून घेतो, त्यामुळं वेटोळं बाहेर राहतं. बोगद्यातून आत चला. कोयनेचं वीजघर डोंगराच्या पोटात आहे आणि पोट त्याच बसाल्टचं आहे. दोन्ही बाजूंचा कातळ कोट्यवधी वर्षांपूर्वी दिशा ठरवून गप्प बसलेला आणि मधोमध माणसानं बसवलेला दुसरा चुंबक क्षणभरही गप्प न बसणारा.

पूर्वेकडं कृष्णेला मिळायला निघालेली कोयना धरणात अडवून तिचं पाणी पश्चिमेकडं बोगद्यातून वळवलं आहे. ते साडेचारशे मीटरहून जास्त खाली कोसळतं, चक्राच्या वाट्यांवर आदळतं आणि चक्राच्या दांड्यावर बसवलेला जनित्राचा फिरता भाग घुमतो. या भागावर विद्युतचुंबकांचे ध्रुव आहेत, उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण. भोवतीच्या स्थिर कड्यात तांब्याच्या जाडजूड पट्ट्या. प्रत्येक पट्टीसमोरून ध्रुव आलटून पालटून जातात, म्हणून तिच्यातली वीजही आलटून पालटून वाहते. वीस ध्रुव असतील तर मिनिटाला तीनशे फेऱ्या पुरतात, सेकंदाला पन्नास आवर्तनं मिळतात. जोतिबाच्या डोंगरावर तुम्ही मनगटानं एकदा जे केलंत ते इथं सेकंदाला शंभरदा होतं आणि तेही पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा हजारो पटींनी जोरकस चुंबकानं.

जाळीला हात लावून उभे राहा, थरथर कळते. जास्त लोकांनी दिवे लावले, पंप सुरू केले की तारांतला प्रवाह वाढतो आणि तो प्रवाह स्वतःचं चुंबकीय क्षेत्र उभं करून फिरणाऱ्या ध्रुवांना मागं ओढतो. फिरणारा भाग जड होतो. सायकलचा डायनॅमो चाकाला टेकवला की पायडल जड लागतं ते यामुळंच. म्हणून पाण्याची झडप आणखी उघडावी लागते. फुकट काही मिळत नाही. पाणी पडतं त्याचीच वीज होते. आणि पाणी साठावं म्हणून ज्यांची गावं धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेली त्यांच्यातल्या अनेकांना पिढ्या उलटल्या तरी हक्काच्या जमिनीसाठी आंदोलनं करावी लागली, हेही त्या झडपेच्या हिशेबात धरायला हवं. वीजघराच्या सहलीत ते सांगत नाहीत.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. तुम्ही परत डोंगरावर आहात, थंडी आहे, आणि पायांखालचा कातळ एकाएकी हलतो. कोयनानगरला झालेल्या त्या भूकंपाची तीव्रता ६.३च्या आसपास मोजली गेली. दीडशेहून अधिक माणसं गेली. पोफळीची यंत्रं बंद पडली आणि मुंबईपर्यंतचा वीजपुरवठा खंडित झाला. धरण टिकलं, त्याला तडे गेले. त्या पहाटे शिवसागरात पाणी होतं, पट्ट्यांत तांबं होतं, ध्रुवांत लोखंड होतं. फक्त फिरणं थांबलं होतं. गुरवाच्या पोरानं विचारलेला प्रश्न तुम्हाला आठवतो आणि त्याचं उत्तर मुंबई अंधारात बसून देते आहे.

आता आजच्या दिवसात या, पण देवळात नको. डोंगर उतरून पुणे-बंगळूर महामार्गावर शिरोली एमआयडीसीत चला. कोल्हापुरात फाउंड्र्यांची कमी नाही. ट्रॅक्टरचे, मोटारींचे, पंपांचे ओतीव सुटे भाग इथून देशभर आणि परदेशातही जातात. पूर्वी बहुतेक ठिकाणी कोक जाळणारे क्युपोला असत, धूर आणि ठिणग्या लांबून दिसत. या शेडमध्ये जाळ नाही. जमिनीत बसवलेली, माणसाच्या कमरेइतकी खोल एक भट्टी आहे. तिच्यात स्क्रॅपचे तुकडे, पिग आयर्न, लेथवरची बोअरिंग भरलेली आहे आणि एक जड गुणगुण ऐकू येते, कानापेक्षा छातीत जास्त.

वाकून पाहू नका, लांबूनच पाहा. तुकडे मधूनच लाल होऊ लागले आहेत. खाली आग नाही, वर ज्योत नाही. भट्टीच्या अस्तराबाहेर तांब्याच्या पोकळ नळीचं वेटोळं आहे. नळीतून थंड पाणी फिरतं आणि तांब्यातून सेकंदाला पाचशे वेळा पुढं-मागं होणारा प्रवाह. त्याचं चुंबकीय क्षेत्रही तसंच उलटसुलट होत राहतं आणि आतल्या लोखंडातच भोवऱ्यांसारखे प्रवाह उठवतं. त्या प्रवाहांना लोखंड विरोध करतं आणि तापतं. वेटोळं पाण्यामुळं थंड, अस्तर मधे, आणि लोखंड स्वतःच्या अंगातल्या विजेनं वितळतं. एक टन लोखंड वितळवायला साडेपाचशे-सहाशे युनिटं जातात, म्हणून इथं मालकाच्या तोंडी धातूच्या भावाइतकाच युनिटचा दर असतो.

तापमान ७७० अंशांच्या पुढं जातं तेव्हा एक गोष्ट होते जी डोळ्यांना दिसत नाही. लोखंडाचं चुंबकपण जातं. लाव्हा निवताना मॅग्नेटाइटला दिशा मिळाली होती, इथं गाडी उलट निघाली आहे. पॅनेलवरचे आकडे बदलतात, पॅनेलवाला एक बटण फिरवतो. चौदाशे अंशांच्या पुढं भट्टीतला सगळा माल पातळ होतो. लाव्ह्याहून जास्त गरम. पृष्ठभाग मधोमध फुगीर होतो आणि आपोआप ढवळत राहतो. वरचा स्लॅग एकजण लांब सळईनं ओढून काढतो.

तुम्ही पिशवीतून वेटोळं काढता. काटा इथं नक्की नाचणार अशी तुमची खात्री आहे. चार पावलं पुढं जाता. शून्य. आणखी दोन. शून्यच, फक्त टोक किंचित फुसफुसल्यासारखं थरथरतं आहे.

पॅनेलवाला बघत असतो. “काय आणलंय पाव्हणं?”

तुम्ही सांगता. तो हसतो.

“इथं सेकंदाला पाचशे डाव पुढं-मागं चाललंय. काट्याला एकीकडं जायला सवड कुठाय? त्यो सोडवा आधी, जळंल.”

तो ड्रॉवर उचकटून बंद पडलेल्या टॉर्चमधला एक सुटा एलईडी काढतो, त्याचे पाय सरळ करतो आणि वेटोळ्याच्या दोन टोकांना पिळून देतो. तुम्ही शेडच्या दारापर्यंत मागं जाता आणि तिथून भट्टीकडं चालू लागता. पहिल्या काही पावलांत काही नाही. मग मंद उजेड, दिसतो न दिसतोसा. मग ठसठशीत. बॅटरी नाही, वायर नाही, हातात नुसतं पाव किलो तांबं. आणखी दोन पावलं आणि एलईडी भगभगतो.

“बास! तिथंच!”

तुम्ही अर्धं पाऊल जास्त टाकलेलं असतं. बारीकसा ‘टक्’ आवाज, आणि एलईडी काळा.

“गेला,” पॅनेलवाला म्हणतो. “दुसरा हाय, पर आता हीट निघायची वेळ झाली. हेल्मेट घाला आणि त्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं व्हा. लॅडल यायलीय.”